ओठांवरील रंग आणि श्रावकाचा विवेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचे लेखरूप)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आतापर्यंत कर्मसिद्धान्त, अनेकान्त, दशलक्षण धर्म अशा गहन विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंक्तीत आज लिपस्टिकचा विषय आलेला पाहून काही जणींच्या चेहऱ्यावर हसू उमटले, काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटली, हे मी इथूनच पाहिले. दोन्ही स्वाभाविक आहे. पण हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते. मग आपणच ठरवा की तो या व्यासपीठाला शोभतो की नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पर्युषण पर्वातील चतुर्दशी होती. मला उपवास होता. मंदिरात जाण्यासाठी मी तयार होत होते आणि सवयीने ओठांवरून फिकट रंगाची कांडी फिरवली. माझी नात तेव्हा सातवीत होती. तिच्या हाती त्या कांडीची रिकामी खोकी लागली होती आणि तिच्यावरची बारीक अक्षरे ती मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "आजी, सी. आय. ७५४७० म्हणजे काय गं?"

मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. तरी मला उत्तर देता आले नाही. "रंगाचा क्रमांक असेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. संध्याकाळी पुस्तक काढून पाहिले आणि अंगावर काटा आला. तो क्रमांक कार्माइन या रंगाचा होता. हा रंग वाळवलेल्या कीटकांपासून करतात. कांदा, बटाटा वर्ज्य मानणारी, पाणी गाळून पिणारी, अष्टमी-चतुर्दशी पाळणारी मी, उपवासाच्या दिवशी ओठांवर कीटकांचा अर्क लावून जिनबिंबासमोर उभी राहिले होते. तेही एक दिवस नव्हे, कित्येक वर्षे.

म्हणून आजचा विषय. लिपस्टिक लावावी की लावू नये, हे सांगायला मी आलेली नाही. तिच्यात काय असते, ते आपल्याला ठाऊक असावे, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. अंगाला लावलेली पावडर पाण्याने निघून जाते. ओठांवरचा रंग मात्र चहाच्या घोटाबरोबर, जेवणाच्या घासाबरोबर, बोलता बोलता जिभेच्या स्पर्शाने थोडा थोडा पोटात जातोच. दिवसातून दोन-तीनदा तो पुन्हा का लावावा लागतो, याचे एक कारण हेच आहे. तेव्हा ओठांची प्रसाधने ही प्रसाधने आणि आहार यांच्या सीमारेषेवरची वस्तू आहे. भक्ष्य-अभक्ष्याचा जो विचार आपण ताटातल्या पदार्थाबद्दल करतो, तो इथेही लागू होतो.

आता तिची घडण पाहू. कोणत्याही लिपस्टिकमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात : मेण, तेल आणि रंग. मेणामुळे कांडी ताठ उभी राहते, तेलामुळे ती ओठांवर सरकते आणि चकाकी येते, रंगामुळे तिला अर्थ येतो. साधारणपणे निम्म्याहून अधिक भाग तेलांचा, पाचवा हिस्सा किंवा त्याच्या आसपास मेणांचा आणि उरलेला रंगाचा व इतर किरकोळ द्रव्यांचा असतो. रंगाची पूड तेलात घालून रुळांमध्ये अतिशय बारीक घोटतात, ती वितळलेल्या मेणात मिसळतात, मिश्रण साच्यात ओततात, थंड करतात आणि शेवटी कांडीवरून क्षणभर ज्योत फिरवतात. त्याने वरचा थर वितळून आरशासारखा गुळगुळीत होतो.

तेलांपासून सुरुवात करू, कारण तिथे आपल्याला आनंद वाटावा अशी बातमी आहे. लिपस्टिकमधले जुने आणि आजही सर्वाधिक वापरात असलेले तेल म्हणजे आपले एरंडेल. ते दाट असते, रंगाची पूड त्यात छान तरंगत राहते आणि कांडीला घाम फुटू देत नाही. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यातला फार मोठा वाटा गुजरातचा आहे. पॅरिसच्या दुकानातल्या महागड्या कांडीतही एरंडेल सौराष्ट्राच्या किंवा उत्तर गुजरातच्या शेतातून गेलेले असू शकते. वेष्टनावर त्याचे नाव 'रिसिनस कम्युनिस' असे लॅटिन भाषेत लिहिलेले असते. त्या नावाने दचकू नये.

पण तेलांच्या त्याच यादीत 'लॅनोलिन' हेही नाव आढळते. मेंढीच्या लोकरीवर जो नैसर्गिक तेलकटपणा असतो, तो धुऊन शुद्ध केला की लॅनोलिन मिळते. त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही, तरी ते प्राणिज आहे. 'स्क्वालीन' आणि त्यापासून केलेले 'स्क्वालेन' ही आणखी दोन नावे. फार काळ हे द्रव्य खोल समुद्रातल्या शार्क माशाच्या, म्हणजे आपल्याकडच्या मुशीच्या नातेवाइकांच्या, यकृतातून काढीत असत. आता ते ऑलिव्हपासून आणि उसापासूनही मिळते. दोन्हींचे नाव मात्र एकच! नावावरून मासा की ऊस हे कळत नाही. तीच गत स्टिअरिक आम्ल आणि ग्लिसरीन यांची. ती पाम तेलापासूनही होतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही सारखीच. श्रावकाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हा फरक वेष्टनावरच्या नावातून नव्हे, उत्पादकाच्या प्रामाणिक उत्तरातून कळू शकतो.

आता मेण. 'कारनौबा' हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. 'कँडेलिला' हे मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशातल्या झुडपाचे. 'ओझोकेराइट', 'पॅराफिन', 'मायक्रोक्रिस्टलाइन' ही खनिज मेणे. या सर्वांत प्राण्याचा संबंध नाही. परंतु 'सेरा अल्बा' असे लिहिलेले दिसले, तर ते मधमाशांचे मेण समजावे. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या मूलगुणांत पहिल्याच पायरीवर सांगितला आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरण्डक श्रावकाचारात या तिन्हींचा त्याग पाच अणुव्रतांच्या जोडीने येतो. ज्या पोळ्यातला मध आपण वर्ज्य मानतो, त्याच पोळ्याचे मेण ओठांवरून पोटात जावे काय, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

येथे एक प्रामाणिक कबुलीही दिली पाहिजे. आपल्या आज्या-पणज्या कपाळावर कुंकू लावण्याआधी बोटाने मेण लावीत असत. लहानशा डबीतले ते मेण पोळ्याचेच होते. तेव्हा पूर्वी सारे शुद्ध होते आणि दोष फक्त आजच्या मुलींचा आहे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. फरक इतकाच की ते मेण कपाळावर राहत होते आणि ते मेण आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. आजची वस्तू पोटात जाते आणि तिच्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

आता रंगाकडे वळते, कारण माझी कथा तिथेच सुरू झाली होती.

कोचिनील नावाचा एक कीटक आहे. मेक्सिको, पेरू आणि कॅनरी बेटे येथे निवडुंगाच्या पानांवर तो वाढतो. मादीला पंख नसतात. ती पानाला चिकटून रस शोषते आणि अंगावर पांढऱ्या कापसासारखे आवरण घेऊन बसते. शत्रूंपासून, विशेषतः मुंग्यांपासून, बचाव व्हावा म्हणून तिच्या शरीरात कार्मिनिक आम्ल नावाचे लाल द्रव्य तयार होते. वाळलेल्या कीटकाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तेच असते. म्हणजे निसर्गाने तिला जगण्यासाठी दिलेले कवच हेच तिच्या मरणाचे कारण होते. या माद्या निवडुंगावरून खरवडून काढतात आणि गरम पाण्यात, वाफेवर, भट्टीत किंवा उन्हात मारून वाळवतात. एक किलो वाळलेला माल होण्यासाठी लाखाहून अधिक जीव लागतात. पुढे ते पाण्यात उकळून, तुरटीसारख्या क्षारांनी रंग खाली बसवतात. ते कार्माइन. पेरू हा देश त्याचा सर्वांत मोठा उत्पादक आहे.

या कीटकाच्या कुळाचा आपल्या देशाशीही जुना संबंध आहे. १७९५ साली इंग्रजांच्या काळात हा रंग येथेच तयार करावा म्हणून ब्राझीलहून कीटक आणले गेले. ती जात मात्र निराळी निघाली; तिच्यापासून चांगला रंग मिळाला नाही, पण दक्षिण भारतातील निवडुंग तिने फस्त केला. आपल्या भाषेत तर या रंगाची साक्ष रोज उच्चारली जाते. 'किरमिजी' हा शब्द फारसी-अरबी 'किर्मिज' पासून आला आणि त्याच्या मुळाशी संस्कृत 'कृमिज', म्हणजे कृमीपासून झालेला, हा शब्द असावा असे भाषापंडित मानतात. युरोपातले 'कार्माइन' आणि 'क्रिमझन' हे शब्दही त्याच घराण्यातले. आपण किरमिजी साडी म्हणतो, किरमिजी रंगाची रांगोळी काढतो. शब्द ओरडून सांगत असतो आणि आपण ऐकत नाही.

वेष्टनावर हा रंग कार्माइन, कोचिनील, क्रिमझन लेक, नॅचरल रेड ४ किंवा सी. आय. ७५४७० अशा नावांनी येतो. खाद्यपदार्थांत त्याचा क्रमांक १२० आहे. 'नॅचरल' या शब्दाने फसू नये. कीटकही निसर्गातलाच असतो. काही व्यक्तींना या रंगाची तीव्र ॲलर्जी होते. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली नियम केला आणि जानेवारी २०११ पासून तेथे हा रंग असल्यास त्याचे नाव स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले. तिकडे हा नियम ॲलर्जीच्या भीतीने झाला. आपल्याला त्याचा उपयोग करुणेपोटी होतो.

चकाकीसाठी कधीकधी 'ग्वानीन' वापरतात; ते माशांच्या खवल्यांपासून मिळते आणि त्याचा क्रमांक ७५१७० आहे. 'शेलॅक' म्हणजे लाख. ती आपल्या देशात, विशेषतः झारखंडात, पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवरील लाखेच्या किड्यांपासून मिळते. येथे मला आपल्या पूर्वाचार्यांपुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत 'लाक्षावाणिज्य', म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्ट नाव घेऊन सांगितला आहे. लाखेपासून होणारा अलक्तक प्राचीन काळी स्त्रिया पायांना आणि ओठांना लावीत. म्हणजे ओठांच्या रंगामागे होणारी जीवहिंसा शेकडो वर्षांपूर्वीच आपल्या आचार्यांच्या दृष्टीला दिसली होती. आज नाव बदलले, कारखाना बदलला. प्रश्न तोच आहे.

मग निर्दोष रंग कोणते? लोहाचे ऑक्साइड, क्रमांक ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ : लाल, पिवळा आणि काळा. ही आपल्या गेरूचीच शुद्ध केलेली भावंडे. टायटॅनियम डायऑक्साइड, ७७८९१ : पांढरा. १५८५० हा प्रयोगशाळेत तयार झालेला लाल रंग. यांत कोणताही जीव नाही. अभ्रक, ७७०१९, हेही खनिज आहे. पण झारखंडातल्या कोडरमा, गिरिडीह भागात टाकून दिलेल्या खाणींतून अभ्रक वेचण्याच्या कामाला लहान मुले जुंपली जातात, हे अनेकदा उघड झाले आहे. अहिंसेच्या हिशेबात कीटक मोजायचा आणि बालक मोजायचे नाही, असे कसे चालेल?

आरोग्याचाही एक शब्द. खनिज रंगांबरोबर शिशाचा अंश येऊ शकतो. अमेरिकेत २०१० साली चारशे लिपस्टिकची तपासणी झाली. दहा लाख भागांत सरासरी १.११ भाग आणि सर्वाधिक ७.१९ भाग शिसे आढळले. आपल्याकडील मर्यादा दहा लाखांत २० भाग आहे. नामांकित, परवानाधारक मालाबद्दल घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र जत्रेत, रस्त्यावर, नाव-पत्ता नसलेल्या वेष्टनात मिळणारा माल लहान मुलींच्या ओठांना लावू नये. गॅदरिंगच्या दिवशी आपण ते हमखास करतो.

आता तुम्ही विचाराल, हिरवा ठिपका पाहून घेतला की झाले ना? दुर्दैवाने नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली सौंदर्यप्रसाधनांतील प्राणिज घटक चिन्हाने दर्शवावेत असा आदेश दिला होता. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. असा नियम करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असे मत दिले. २०१४ साली वेष्टनाच्या नियमांत तशी तरतूद आली, तर तिलाही आव्हान मिळाले. म्हणून आज काही वस्तूंवर ठिपका दिसतो, काहींवर दिसत नाही. शिवाय खाद्यपदार्थांच्या नियमांत मध, मधमाशांचे मेण आणि शेलॅक हे मांसाहारी मानलेले नाहीत. तेव्हा कायद्याचा हिरवा ठिपका आणि श्रावकाचा हिरवा ठिपका एक नव्हेत. एक गोष्ट मात्र अभिमानाची आहे : सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना आपल्या देशाने २०१४ साली बंदी केली आणि तशा चाचण्या केलेल्या परदेशी मालाची आयातही त्याच वर्षी थांबवली. परंतु प्राण्यांवर चाचणी न केलेली वस्तू प्राणिज घटकांपासून मुक्त असतेच असे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेष्टनावरच्या सशाच्या चित्राने त्यांची गल्लत होते.

काही भगिनी घरगुती उपाय सुचवतात. बिटाचा रस ओठांना लावावा, असे मासिकांत वाचायला मिळते. आपल्याला तेथेही अडचण आहे. बीट कंदमुळात मोडते! मात्र कोकणातले भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, फुटलेल्या ओठांना उत्तम. शेंद्रीच्या बियांचा केशरी रंग तेलात सहज उतरतो. या दोहोंत थोडे एरंडेल मिसळले तर घरच्या घरी साधा, निर्दोष लेप होतो. तो बाजारच्या कांडीइतका टिकणार नाही. पण समारंभ तरी किती वेळ टिकतो?

शेवटी मूळ प्रश्न. एखादी म्हणेल, "मी तर कीटक मारला नाही. पेरूत कोणीतरी मारला. माझा काय दोष?" आपल्या शास्त्राने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि केल्याला संमती दिलेले, तिन्ही आपल्या खात्यावर येते. दुकानात पैसे मोजणे ही संमतीच आहे. आणि हिंसेच्या व्याख्येत आचार्यांनी प्रमादाला प्रथम स्थान दिले. न कळता पाय पडला, तो एक दोष. कळून घेण्याची सोय असताना डोळे मिटून चालणे, हा दुसरा. मला माझ्या दोषाची जात कळली ती याच वाक्यापाशी. वेष्टन माझ्या हातात होते, विषय माझ्या पेशाचा होता, आणि मी कधी वाचले नव्हते.

गृहस्थाला स्वयंपाकात, उद्योगात, संरक्षणात काही हिंसा अटळ असते, हे आपले शास्त्र जाणते. म्हणून ते गृहस्थाकडून संकल्पी हिंसेचा त्याग मागते. ओठांचा रंग यांपैकी कोणत्या अटळ प्रकारात बसेल? मला तरी जागा सापडली नाही. कोणी ज्येष्ठ भगिनी विचारतील, "मग आपली रेशमी वस्त्रे?" प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही बोचतो. एका दोषाकडे बोट दाखवून दुसरा दोष धुतला जात नाही. एक सुटला की दुसरा सोडण्याचे बळ मात्र येते.

त्या चतुर्दशीनंतर मी दोन उत्पादकांना पत्रे लिहिली. एकाने "आमच्या रंगांत नैसर्गिक घटक आहेत" एवढेच उत्तर दिले. दुसऱ्याने प्रत्येक घटकाचा उगम लिहून पाठवला. मी कोणता माल घेतला असेल, हे सांगायला नको. आपल्या ट्रस्टसारख्या संस्थेने समाजाच्या वतीने अशी पत्रे लिहिली, तर उत्तरे अधिक लवकर येतील. विवाहाच्या हंगामापूर्वी अशा निर्दोष वस्तूंची एक यादी आपल्या फलकावर लागली, तर आपल्या लेकी-सुनांना मोठाच आधार होईल. सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे एक लहान काम विश्वस्तांनी हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

नातीला मी सारे समजावून सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजी, पण खोकीवर तर लिहिलेलं होतं. तू आधी का नाही वाचलंस?" या प्रश्नाला माझ्यापाशी अजून उत्तर नाही. आपल्या नाती हा प्रश्न आपल्याला विचारतील, त्याआधी आपण वाचू लागू या.

बोलण्यात शास्त्राच्या अथवा कोणाच्या भावनेच्या विरुद्ध काही आले असेल, तर उदार अंतःकरणाने क्षमा करावी. जय जिनेंद्र!